डावीकडे बघणारे दिवे

टोकन सत्तेचाळीस. बाई उठतात,
उठता उठता खुर्चीला सॉरी म्हणतात.
नाव एलुनेद. गाव वेल्समधलं,
ज्याच्या स्पेलिंगात मला स्वरच सापडेनात.
मी झुल्मिरा. एव्होराच्या वाहन कचेरीत
चार नंबरच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं.
स्वतः कुठे गेले नाही,
पण आलेल्यांची लायसन्सं माझ्या ड्रॉवरमध्ये
आडवी पडून असतात,
आपापल्या देशी परत जायची वाट बघत.

मूळ प्रत जमा करावी लागेल, मी म्हटलं.
दिली त्यांनी. म्हणजे, पुढे केली.
एक टोक माझ्या चिमटीत, एक त्यांच्या.
मी ओढलं नाही. दात काढतानासुद्धा
डॉक्टर जरा थांबतो.
फोटोतली बाई आठ-नऊ वर्षांनी तरुण,
नुकतीच कुणावर तरी चिडलेली.
"एम्रिस बाहेर हॉर्न वाजवत होता," त्या म्हणाल्या.
मग बोटं सुटली.

गाडीचं प्रकरण निराळं.
तपासणीत पहिल्या झटक्यात नापास: दिवे.
तिकडचे दिवे किंचित डावीकडे बघतात,
रस्त्याच्या कडेला, कुंपणाला,
एखादी मेंढीबिंढी असेल म्हणून.
इकडे तीच नजर
समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते.
आमच्या ओरासियोनं शिक्का मारला: दिवे बदला.
"अठ्ठावीस वर्षांची सवय," बाई म्हणाल्या.
"गाडीची म्हणतेय मी."

दिवे बदलले. दुसऱ्या खेपेला रंग अडला.
तिकडच्या कागदावर निळा.
ओरासियोनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलेला हिरवा.
खिडकीवर 'पाच मिनिटांत येते'ची पाटी लावून
मी खाली जाऊन पाहून आले.
ऊन होतं. खरं सांगते,
मलाही ठरवता येईना.
बाई म्हणाल्या, आमच्या म्हाताऱ्या माणसांना
दोन्हीला एकच शब्द पुरायचा.
डोंगरही ग्लास, समुद्रही ग्लास.
"आमच्याकडे रकाना आहे," मी म्हटलं,
आणि माझं मलाच ते उद्धट वाटलं.
निळा लिहिलं.
ओरासियो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

शुक्रवारी नव्या पाट्या बसवायच्या,
गॅरेज हायवेपलीकडे, बाईंना सापडेना.
जेवणाच्या सुट्टीत मी सोबत निघाले.
सवयीनं डावं दार उघडलं, बसले,
तर समोर चाकच नाही.
पाय ब्रेक शोधतोय, ब्रेक नाही.
आणि सीटवर, माझ्याखाली,
स्वयंपाकघरातला एक लांब चिमटा.

"हा कशाला?"
"टोलला. यंत्र तुमच्या बाजूला येतं ना.
आधी तिकीट एम्रिस घ्यायचा.
मार्चपासून हा."

मी चिमटा मांडीवर घेतला.
पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून
उगाच त्याचं तोंड उघडत-मिटत राहिले.

गॅरेजात स्क्रू गंजलेले.
पोरानं तेल सोडलं, मग एक शिवी सोडली,
आणि जुनी पाटी निघाली.
तिच्यामागे एक चौकोन,
कधीच ऊन न लागलेला, पहिल्या दिवशीचा रंग.
आम्ही दोघींनी वाकून बघितला.
तो कोणता, ते मी इथे सांगणार नाही.
फॉर्म मंजूर झालाय.
जुनी पाटी बाईंनी स्वेटरमध्ये गुंडाळली,
एवढ्या उकाड्यात
तो स्वेटर गाडीत कशाला होता
हेही मी विचारलं नाही.

परतताना टोल आला.
बाईंनी गाडी यंत्राला अगदी खेटून उभी केली,
काच खाली गेली,
यंत्रानं जीभ काढावी तसं तिकीट बाहेर काढलं
आणि चिमटा मांडीवर असताना
माझा हात आपला आपण बाहेर गेला.

तिकीट घेऊन मी वळले.
बाई पुढे बघत होत्या. दोन्ही हात चाकावर.
दांडा वर झाला होता, रस्ता मोकळा होता,
आम्ही हललो नाही.

मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.
मग पुन्हा, लांबलचक.

"वाजवू दे," त्या म्हणाल्या.